मीटर बसवताना पाइप कशाचा आहे तेही लिहून ठेवा: पुणे महापालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
मा. मुख्य अभियंता, पाणीपुरवठा विभाग

विषय: पिण्याच्या पाण्यातील शिसे – नळजोडांची नोंद, नमुने घेण्याची पद्धत आणि खरेदीच्या अटी

महोदय,

समान पाणीपुरवठा योजनेत शहरभर नळजोडांवर मीटर बसत आहेत. मीटर बसवायचा तर जोडाजवळ खड्डा घ्यावा लागतो, पाइप कापावा लागतो आणि थोडा वेळ का होईना, त्याची दोन्ही टोके उघडी पडतात. एरवी हा पाइप कोणाच्या नजरेस पडत नाही. तो कशाचा आहे हे त्याच वेळी पाहून लिहून ठेवले, तर पुण्यातल्या कोणत्या घरांना पाण्यातून शिशाचा धोका आहे याची यादी जवळजवळ विनाखर्च तयार होईल. खड्डा बुजला, वर काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक बसले, की तीच माहिती मिळवायला पुन्हा रस्ता खोदावा लागेल. आमची मुख्य मागणी ही एवढीच आहे. बाकीचे मुद्दे तिला धरून येतात.

शिसे बहुतेक वेळा धरणातून येत नाही आणि पर्वती, वारजे किंवा लष्करच्या जलशुद्धीकरण केंद्रातूनही येत नाही. ते पाण्यात उतरते शेवटच्या टप्प्यात, म्हणजे मुख्य वाहिनीवरच्या फेरूलपासून (घरचा जोड जिथे वाहिनीला लागतो ती तोटी) स्वयंपाकघरातल्या नळापर्यंत. म्हणूनच केंद्राच्या किंवा टाकीच्या तोंडाशी घेतलेला नमुना शिशाबद्दल काहीच सांगत नाही. त्यात खडकवासला धरणसाखळीचे पाणी मृदू. डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो, म्हणून ते आपल्याला आवडते. पण अशा पाण्याची क्षारता कमी असते आणि पाइपच्या आत कार्बोनेटचा घट्ट थर धरत नाही. त्यामुळे धातू उघडा राहतो आणि रात्रभर साचलेल्या पाण्यात तो हळूहळू विरघळतो. बोअरचे जड पाणी याबाबतीत तुलनेने कमी त्रासाचे. मात्र ज्या इमारतीत आज धरणाचे, उद्या बोअरचे आणि परवा टँकरचे पाणी येते, तिथे आधी बसलेला थर दर वेळी डळमळीत होतो.

आता शिसे नेमके कुठे असते ते पाहू. सगळ्यात धोकादायक म्हणजे मुख्य वाहिनीतून घराकडे वळणारा शिशाचाच पाइप. शिसे हाताने वाकते आणि जमीन खचली तरी फुटत नाही, म्हणून जुन्या काळी जगभर हा जोडतुकडा शिशाचा ठेवायची पद्धत होती. पेठांमधले वाडे, लष्कर भागातले जुने बंगले, स्वातंत्र्यापूर्वीच्या सरकारी इमारती अशा ठिकाणी तो उरला आहे का, हे खड्ड्यात डोकावूनच कळेल. बिडाच्या जुन्या मोठ्या वाहिन्यांचे शिसे ओतून केलेले जॉइंट हा त्या मानाने लहान धोका. तिथे शिशाच्या आत तागाचा दोर ठोकलेला असतो आणि पाण्याचा प्रत्यक्ष संपर्क फार थोडा येतो. ते जॉइंट उकरायची घाई करू नये, वाहिनी बदलायची वेळ येईल तेव्हा ते आपोआप जातील.

जीआय पाइपचा विषय जरा सविस्तर मांडावा लागेल, कारण जुन्या पुण्यात तोच सर्वाधिक दिसतो. पाइप लोखंडाचा आणि वरचा थर जस्ताचा, मग शिसे कुठून आले? एक तर गॅल्व्हनायझिंगच्या जस्तातच थोडे शिसे असू शकते. दुसरे कारण आटे. वर्षानुवर्षे जीआयच्या आट्यांना धागा गुंडाळून वर सफेदा किंवा शेंदूर लावायची पद्धत होती. अस्सल सफेदा म्हणजे शिशाचा कार्बोनेट आणि शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. प्रत्येक सॉकेट, एल्बो आणि युनियनमध्ये त्याचा थोडा थोडा लेप राहिलेला असतो. तिसरे आणि सर्वात फसवे कारण म्हणजे गंज. आतल्या बाजूचा लोखंडाचा गंज वरून आलेले शिसे धरून ठेवतो आणि धक्का बसला की कपच्यांसकट सोडतो. म्हणजे शिशाचा तुकडा दहा वर्षांपूर्वी काढला असला, तरी त्याच्या पुढचा जुना जीआय पाइप अजून शिसे देत राहू शकतो. ठरावीक वेळी सुटणाऱ्या पाण्यात हा धक्का रोज बसतो. पाणी गेले की पाइप रिकामा होतो, आले की हवा आणि पाणी एकदम धावते, आणि पहिल्या बादलीत तांबूस गाळ येतो. चोवीस तास पुरवठा सुरू झाल्यावर हे थांबेल. पण बदलाच्या पहिल्या काही महिन्यांत दाब आणि प्रवाह बदलल्यामुळे जुना थर जास्तच सुटेल. एखादा विभाग नव्या पद्धतीवर आणण्याआधी तिथल्या घरांना हे सांगितले पाहिजे.

प्लास्टिकच्या पाइपमध्ये शिसे नसते हा समज बरोबर नाही. यूपीव्हीसी तयार करताना उष्णतेने तो बिघडू नये म्हणून शिशाचे क्षार घालत असत. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2021 मध्ये पीव्हीसी पाइप आणि फिटिंगमधील शिशाच्या स्टॅबिलायझरबाबत नियम काढले. त्याआधी बसवलेले पाइप मात्र भिंतींत आणि गच्च्यांवर तसेच आहेत. गच्चीवर उन्हात उघडा पडलेला पाइप पांढुरका आणि ठिसूळ होतो तेव्हा त्याच्या पृष्ठभागातून शिसे अधिक सुटते. त्यात स्वस्त पडतो म्हणून सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर पाइप किंवा शेतीचा पाइप टाकीच्या जोडणीला वापरला जातो. तो पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलाच नसतो. पाइपवर छापलेला भारतीय मानकाचा (आयएस) क्रमांक वाचायची सवय लावायला हवी: पिण्याच्या पाण्याचा यूपीव्हीसी आयएस 4985, सीपीव्हीसी आयएस 15778, एचडीपीई आयएस 4984. आयएस 13592 असे छापलेले असेल, तर तो सांडपाण्याचा.

शेवटी पितळ आणि गनमेटल (तांबे-कथलाचा मिश्रधातू). आयएस 319 च्या सहज कातता येणाऱ्या पितळेत 2 ते 3.5 टक्के शिसे घातलेले असते, कारण त्याशिवाय लेथवर धातूचा कीस सुटा पडत नाही. आयएस 318 च्या नेहमीच्या ग्रेडच्या गनमेटलमध्ये ते 4 ते 6 टक्के असते. फेरूल, स्टॉप कॉक, व्हॉल्व्ह, नळ आणि मीटरची बॉडी बहुधा याच धातूंची. नवे फिटिंग पहिल्या काही महिन्यांत सर्वात जास्त शिसे सोडते. म्हणून नुकताच ताबा मिळालेल्या फ्लॅटमधले, महिनोन् महिने न वापरलेल्या नळाचे पाणी हे वाड्यातल्या पाण्याइतकेच तपासण्यासारखे असते. नव्या इमारतीला यातून सूट देऊ नये.

खड्ड्यातली ओळख सोपी आहे आणि ती मीटर बसवणाऱ्या माणसानेच करायची आहे. पाइपवरची माती फडक्याने पुसावी आणि छोटे लोहचुंबक लावावे. चिकटले तर लोखंड, म्हणजे जीआय. चिकटले नाही आणि पाइप धातूचाच असेल, तर किल्लीने किंवा नाण्याने हलकेच ओरखडा काढावा. शिसे नखाने खरवडावे इतके मऊ लागते, ओरखडा चांदीसारखा चकाकतो आणि काही दिवसांत पुन्हा करडा होतो. तांबे तांबूस दिसते. शिशाच्या पाइपला आट्यांचा जोड नसतो. जोडावर गुळगुळीत, फुगीर गाठ असते. अशा पाइपवर ग्राइंडर चालवू नये, कारण उडणारी धूळ कामगाराच्याच फुप्फुसात जाते. पाइप कटरने कापावा आणि जेवणाआधी हात साबणाने धुवावेत. निघालेला तुकडा भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नये. तो वस्तीतल्या एखाद्या भट्टीत वितळला, तर पाण्यातून घालवलेले शिसे हवेतून परत येईल. तो विभागाच्या गोदामात मोजून जमा करावा आणि अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच पाठवावा.

नोंद मीटरच्या दोन्ही बाजूंची वेगवेगळी हवी. रस्त्याकडचा पाइप कशाचा, घराकडचा कशाचा, व्यास किती, जोड कोणत्या प्रकारचा, फेरूल बदलला का, आणि दोन्ही टोकांचा एकेक फोटो. एका बाजूला एमडीपीईचा (प्लास्टिकचा) निळा पाइप दिसला म्हणून दुसऱ्या बाजूलाही तोच असेल असे धरून चालू नये. ओळख पटली नाही, तर ‘माहीत नाही’ असेच लिहावे. अंदाजाने ‘जीआय’ लिहिलेली नोंद नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट. अमेरिकेत पाणीपुरवठा संस्थांना ऑक्टोबर 2024 पर्यंत अशी यादी करायला लावली गेली. तिथे अनेक शहरांना जुने कागद चाळून, रस्ते खणून ती करावी लागली. आपल्याकडे खड्डे आयतेच पडत आहेत.

शिशाचा तुकडा सापडला, तर तो फेरूलपासून घरापर्यंत पूर्ण बदलावा. मीटरपर्यंतचा पालिकेने बदलायचा आणि पुढचा घरमालकाने पुढेमागे बदलावा, ही वाटणी हिशेबाला सोयीची, पण आरोग्याला घातक. अर्धा पाइप कापताना उरलेल्या अर्ध्याला हादरे बसतात आणि आतला थर सुटतो. वर शिशाला तांबे किंवा पितळ जोडले, की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन शिसे झपाट्याने झिजते. काही आठवडे, कधी काही महिने, पाण्यातले शिसे आधीपेक्षा वाढते. पूर्ण बदल त्याच दिवशी शक्य नसेल, तर तो जोड न छेडता लाल खूण करून सोडावा, मीटर नंतर बसवावा आणि त्या घराला तोवर फिल्टर द्यावा. वाड्यात मालक-भाडेकरू वाद असतो आणि घरमालक खर्च करायला तयार नसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अशा जोडांसाठी पालिकेने पूर्ण खर्च उचलावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. तुकडे थोडके निघाले तर खर्चही थोडकाच, आणि पुष्कळ निघाले तर हा खर्च पुढे ढकलणे मुळीच परवडणारे नाही.

काम झाल्यावर लाइन धुणे हा कामाचाच भाग समजावा. इमारतीच्या खालच्या टाकीचा इनलेट बंद करावा आणि पहिले गढूळ पाणी थेट बाहेर सोडावे. मग नळांच्या तोंडाच्या जाळ्या काढून, सर्वात खालच्या मजल्यापासून सुरुवात करत सगळे थंड पाण्याचे नळ पूर्ण उघडून किमान 30 मिनिटे पाणी वाहू द्यावे. जाळ्या तशाच ठेवल्या तर कपच्या तिथेच अडकतात आणि पुढचे कित्येक दिवस थोडेथोडे शिसे पेल्यात पडत राहते. शिशाचा पाइप काढलेल्या घराला नंतर सहा महिने शिसे काढणारा फिल्टर वापरायला सांगावे.

नमुन्यांच्या पद्धतीत सर्वात जास्त चुका होतात, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहीत आहोत. नेहमीच्या जंतू-तपासणीत नळ चांगला वाहू देऊन, तोंड जाळून निर्जंतुक करून नमुना घेतात. शिशासाठी याच्या बरोबर उलटे करायचे. किमान सहा तास घरातला एकही नळ उघडलेला नसावा, म्हणजे सोयीची वेळ पहाटेची. रुंद तोंडाची एक लिटरची स्वच्छ एचडीपीई बाटली, जाळी न काढता, आधी एक थेंबही वाया न घालवता, नेहमीच्या धारेने भरायची. नळ बारीक सोडला तर गंजाचे कण येतच नाहीत आणि अहवाल खोटा चांगला येतो. प्रयोगशाळेत त्याच बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच) 2 च्या खाली आणावा आणि 16 तास ठेवून मगच तपासावे, नाहीतर शिसे बाटलीच्या भिंतीला चिकटून राहते. तपासणी आयसीपी-एमएस किंवा ग्राफाइट फर्नेस या धातूंचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या पद्धतीची हवी. साधी फ्लेम पद्धत इतक्या कमी प्रमाणाला पुरत नाही, आणि मग अहवालात ‘आढळले नाही’ असे येते ते उपकरणाला दिसले नाही म्हणून. आयएस 10500 ची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे 10 मायक्रोग्रॅम, आणि तिला कोणतीही सवलत नाही. तेव्हा 1 ते 2 मायक्रोग्रॅमपर्यंत अचूक मोजणारीच प्रयोगशाळा निवडावी. युरोपीय महासंघ 2036 पर्यंत हीच मर्यादा 5 मायक्रोग्रॅमवर आणणार आहे.

एका बाटलीने शिसे आहे की नाही ते कळते. ते कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी ओळीने दहा बाटल्या भराव्यात. अर्ध्या इंची पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण 200 मिलिलिटर पाणी मावते, म्हणजे एक बाटली म्हणजे पाच मीटर पाइप. पाऊण किंवा एक इंची पाइप असेल, तर हा हिशेब त्या प्रमाणात बदलावा. पहिल्याच बाटलीत आकडा मोठा आणि पुढे उतरता असेल, तर दोष नळाचा आणि जवळच्या फिटिंगचा. मधल्या बाटल्यांत चढ दिसला, तर तितक्या अंतरावरच्या तुकड्यात शिसे आहे. एखादीच बाटली एकदम उसळली, तर तो गंजाचा कण. सगळ्या सारख्याच असतील, तर टाकीकडे किंवा मुख्य वाहिनीकडे पाहावे. पुण्यात हे दोनदा करावे लागेल: एकदा वाड्याच्या चौकातल्या किंवा पार्किंगमधल्या कॉर्पोरेशनच्या डायरेक्ट नळावर आणि एकदा गच्चीच्या टाकीवरून येणाऱ्या स्वयंपाकघरातल्या नळावर.

पहिले नमुने सोडत काढून निवडू नयेत. शिसे किंवा जुना जीआय नोंदवलेले जोड, पालिकेच्या शाळा, अंगणवाड्या, प्रसूतिगृहे आणि ताबा मिळून वर्ष न झालेल्या इमारती, या क्रमाने जावे. शाळांसाठी 250 मिलिलिटरची बाटली, शाळा भरण्याआधी, प्रत्येक पिण्याच्या नळाची आणि वॉटर कूलरची वेगळी घ्यावी. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडते तेव्हा पाइपमध्ये कित्येक आठवड्यांचे पाणी साचलेले असते. पहिल्या दिवशी मुले येण्याआधी सगळे नळ वाहते करणे हे शिपायाच्या कामांच्या यादीत लिहिलेच पाहिजे. लहान मूल पोटात गेलेल्या शिशाचा मोठ्या माणसाच्या कितीतरी पट अधिक भाग शोषून घेते, आणि लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर त्याहून जास्त. पावडरीच्या दुधावर असलेल्या बाळाच्या आहारात तर सगळे पाणी नळाचेच. बुद्धीवर होणारा परिणाम नंतर औषधाने भरून निघत नाही आणि ज्याला सुरक्षित म्हणता येईल असे शिशाचे कोणतेही प्रमाण नाही.

जलशुद्धीकरण केंद्रांसाठीही एक विनंती. तुरटीऐवजी पीएसी (पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड) वापरायला घेणे, क्लोरीनची पद्धत बदलणे किंवा एखाद्या विभागाला वेगळ्या धरणाचे पाणी देणे, असा कोणताही निर्णय घेताना सामू, क्षारता आणि क्लोराइड-सल्फेटचे प्रमाण किती बदलेल ते आधी तपासावे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहराने 2000 मध्ये क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घेतले आणि पाइपमधला जुना थर विरघळू लागला. तिथल्याच फ्लिंट शहरात एप्रिल 2014 ला पाण्याचा स्रोत बदलला आणि गंजरोधक घातलेच नाही. दोन्हीकडे नळाच्या पाण्यात शिसे वाढले. पाइप तेच होते, बदलले होते पाणी.

खरेदीबाबत: फेरूल, स्टॉप कॉक आणि मीटर यांच्या निविदेत पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागांवर शिशाचे सरासरी प्रमाण 0.25 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे ही अट घालावी आणि प्रत्येक लॉटमधले काही नग कापून धातूची तपासणी करावी. अमेरिकेत 2014 पासून हीच मर्यादा आहे. नोंदणीकृत प्लंबरांना परिपत्रक काढून पिण्याच्या लाइनवर सफेदा आणि शेंदूर बंद करावा, फक्त टेफ्लॉन टेप वापरावी आणि एसडब्ल्यूआर पाइप आढळल्यास जोड मंजूर करू नये.

तोपर्यंत घरोघर काय करायचे, हे पाणीपट्टीच्या बिलामागे मराठीत छापावे. सकाळी पिण्याचे पाणी भरण्याआधी नळ दोन मिनिटे वाहू द्यावा आणि ते पाणी धुण्या-भांड्याला घ्यावे. लांब लाइन असेल तर पाणी हाताला गार लागेपर्यंत थांबावे. गिझरचे किंवा सोलरचे पाणी चहाला, कुकरला घेऊ नये, कारण गरम पाण्यात शिसे जास्त विरघळते. पाणी उकळल्याने शिसे जात नाही, उलट पाणी आटते तसे ते दाट होते. टीडीएस मीटरवर शिसे दिसत नाही. मर्यादेइतके शिसे म्हणजे त्या मीटरच्या एका अंकाचा शंभरावा भाग. यूव्हीने जंतू मरतात, शिसे तसेच राहते. आरओने जाते, पण शिशाचा प्रश्न नसलेल्या घरात पुण्याच्या कमी क्षारांच्या पाण्याला आरओ लावणे म्हणजे पाणी वाया घालवणे. म्हणून आधी तपासणी, मग यंत्र. पाण्याचा अहवाल चांगला येऊनही मुलाच्या रक्तात शिसे निघाले, तर पितळी भांड्यांच्या कल्हईत शुद्ध कथलाऐवजी शिसेमिश्रित कथील वापरले आहे का आणि सुटी हळद भेसळीची आहे का, ते पाहावे.

नोंदीची सक्ती परिपत्रकाने होणार नाही, ती देयकातून होईल. मीटर बसवणाऱ्या ठेकेदाराच्या बिलाला प्रत्येक जोडाचा तक्ता आणि दोन्ही टोकांचे फोटो जोडलेले असावेत. ते नसतील, तर त्या जोडाचे पैसे निघू नयेत. आधी बसून गेलेल्या मीटरच्या चेंबरमध्ये पाइपचे टोक अजून दिसते. तिथली नोंद मीटर रीडिंग किंवा दुरुस्तीच्या फेरीत झाकण उघडून, चुंबक लावून करून घेता येईल.

आपले,
नळकाम, पाणीपुरवठा आणि पाणी तपासणी या कामांतले काही पुणेकर